मत्स्यबीजाच्या खाद्याच्या गोणीवर लायसिन, मेथिओनिनही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेततळ्यातल्या मासेपालनाबद्दल हल्ली बरंच छापून येतं, अनुदान किती, कागद किती मायक्रॉनचा वगैरे, पण बारक्या बीजाला खायला नेमकं काय लागतं यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय. मागच्या पावसाळ्यात मी रोहू-कटलाचं बीज सोडलं आणि आमच्याकडे सगळे देतात तेच दिलं, शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं निम्मं. दीड-दोन महिन्यांनी जाळं मारलं तर पिल्लं डोक्याने मोठी आणि शेपटीकडे काडीसारखी, अंगठ्याने पाठ चाचपली तर मांसच लागेना. खाद्य कमी पडलं म्हणावं तर पेंड तळाला तशीच पडलेली आणि पाणी वास मारत होतं.

मग विचारत, वाचत गेलो तेव्हा उलगडा झाला. माशाला नुसतं प्रोटीन देऊन भागत नाही, त्यातली 10 अमिनो ॲसिड (प्रोटीन ज्यांचं बनतं ते घटक; लायसिन, मेथिओनिन ही त्यातलीच) त्याच्या अंगात पुरेशी तयारच होत नाहीत, ती खाद्यातूनच जावी लागतात, आणि त्यातलं एक जरी तोकडं पडलं तरी बाकीच्यांचं मांस बनत नाही, ती जळतात आणि त्यांचा अमोनिया कल्ल्यांतून पाण्यात येतो. म्हणजे पैसे आपले गेले आणि पाणीही आपलंच नासलं. सायप्रिनस (कॉमन कार्प) माशाच्या पिल्लांना खाद्यातल्या प्रोटीनच्या 5.7 टक्के लायसिन लागतं, रोहूचंही जवळपास तेवढंच, आणि शेंगदाण्याच्या प्रोटीनमध्ये ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास! मेथिओनिनही कमीच. मग जुन्या लोकांचं कसं भागायचं? तळं मातीचं, त्यात शेणखत, पाण्यात प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) भरपूर, पिल्लं त्यातून तूट भरून काढायची. प्लास्टिकच्या कागदावर दाटीने बीज सोडलं की ते कुठून येणार.

यंदा मी निम्मी शेंगदाणा पेंड काढून सोयाबीन पेंड घातली आणि थोडी सुकटीची पावडर, कारण सोयाबीनमध्ये लायसिन चांगलं असलं तरी मेथिओनिन कमी, ते सुकटीतून मिळतं. (कच्चं सोयाबीन भरडून टाकू नका, पचत नाही.) पिल्लांची पाठ आता भरलेली लागते.

पण सगळ्यांनाच घरी खाद्य करणं जमत नाही, आणि मी विकत आणलेल्या गोणीवर 'प्रोटीन 28 टक्के' एवढंच छापलेलं, ते कशाचं याचा पत्ता नाही. कोंबडीच्या खाद्यात लायसिन-मेथिओनिनचा हिशोब धरतात, मग माशाच्या पिल्लाच्या का नको? हे दोन आकडे बीजाच्या प्रत्येक गोणीवर छापायची सक्ती शासनाने करावी, आणि जूनमध्ये बीजवाटप सुरू व्हायच्या आधी करावी.

आपला,
एक मत्स्यशेतकरी, सोलापूर जिल्हा