मूठभर तांदूळ आणि मणिपूर : केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी वाशीत राहणारा निवृत्त शिक्षक. मूळचा नगर जिल्ह्यातला, तीन पिढ्यांचा मराठी ख्रिस्ती. आमच्याकडे भेटल्यावर ‘सलाम’ म्हणतात. त्यावरून नोकरीत माझ्याबद्दल बरेच गैरसमज झाले, पण तो विषय वेगळा. आमच्या मंडळीची उपासना एका भाड्याच्या हॉलमध्ये भरते. रविवारी सकाळी हॉल आमचा, दुपारी मल्याळी मंडळीचा आणि संध्याकाळी ईशान्येकडच्या लोकांचा. आमचं दानार्पण मोजून होत नाही तोवर दुपारची माणसं जिन्यात येऊन उभी राहतात. संध्याकाळच्यांना हॉल उघडून देणं, पंखे-दिवे बंद करून कुलूप लावणं हे काम माझ्याकडे आहे. हे पत्र त्या कामातूनच निघालं.

वाशी स्टेशनच्या आसपास आसाम भवन आहे, मिझोरम हाउस आहे. त्यामुळे ईशान्येतून मुंबईत उपचारांसाठी येणारी बरीच माणसं आमच्या भागात दिसतात. गेल्या वर्षी माझ्या पत्नीवरही खारघरच्या कॅन्सर रुग्णालयात उपचार चालू होते. केमोच्या दिवशी सकाळी साडेसातला जाऊन बसायचं आणि नंबर पुकारेपर्यंत भिंतीवरच्या सूचना पाठ करायच्या. तिथे दोन बायका दिसायच्या. दोघी मणिपूरच्या. एक चुराचांदपूरची, कुकी समाजाची, मुलाला घेऊन आलेली. दुसरी बिष्णुपूरकडची, मैतेई समाजाची, नवऱ्यासोबत. पहिली रविवारी आमच्या हॉलवर येते, म्हणून तिची माहिती मला होती. हिंदी दोघींनाही जेमतेम. मैतेई भाषा मात्र दोघींना येते. आख्ख्या त्या मजल्यावर एकमेकींशी धड बोलू शकतील अशा या दोघीच, आणि तीन आठवडे त्या एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

एके दिवशी कुकी बाई मुलाला घेऊन स्वच्छतागृहात गेली आणि नेमका तिचा नंबर पुकारला. दोनदा पुकारला. तिसऱ्यांदा पुकारायच्या आत मैतेई बाई उठली, बाकावरची तिची फाइल उचलून खिडकीत देऊन आली. कुकी बाई परत आल्यावर मान वर न करता हिने दोन शब्द सांगितले, बहुतेक ‘फाइल दिलीय’ एवढंच. पुढच्या खेपेपासून त्या एका ओळीत बसायला लागल्या. शेजारी नाही. मध्ये एक खुर्ची रिकामी सोडायच्या आणि तिच्यावर दोघींच्या पिशव्या ठेवायच्या. मी बघेपर्यंत तरी गाडी त्याच्या पुढे गेली नव्हती.

साहेब, मणिपूरमध्ये ३ मे २०२३ पासून मैतेई आणि कुकी यांच्यात जे चाललं त्याला सरकारी कागदात काय म्हणतात ते म्हणोत. अडीचशेहून अधिक माणसं गेली, साठ हजारांच्या आसपास बेघर झाली, चर्चही जळली आणि मंदिरंही. माणसांनी आपापला प्रदेश धरला आणि मध्ये सुरक्षा दलांचे पट्टे आले. त्या रिकाम्या खुर्चीएवढी जागा तिथे कशी तयार करायची, हा माझ्या पत्राचा विषय आहे. माझं म्हणणं एवढंच की हे काम आपल्या मंत्रालयाला एकट्याने जमणार नाही, आणि ज्यांना सोबत घ्यावं लागेल त्यांच्यात चर्च आहेत.

चर्च म्हटलं की आपल्या खात्यात आधी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, फाइल उघडत असेल, याची मला कल्पना आहे. म्हणून आधी तांदळाचं सांगतो. आमच्या हॉलवर येणाऱ्या एका मिझो आजींनी मला ‘बुह्फाइ थाम’ समजावलं. मिझोरमच्या घरात बाई भात शिजवायला घेते तेव्हा आधी एक मूठ तांदूळ बाजूच्या डब्यात टाकते. प्रत्येक वेळी. तो तांदूळ गोळा होऊन चर्चला जातो, विकला जातो, त्यावर चर्चची कामं चालतात. १९१० पासून हे चालू आहे. आपल्याकडे मुष्टिफंडावर वसतिगृहं चालली, तशातलीच ही गोष्ट. परदेशी पैसा म्हणाल तर यात एक दाणा नाही. मणिपूरहून पळून दहा हजारांवर माणसं मिझोरममध्ये गेली तेव्हा त्यांच्या जेवणाची सोय लावायला तिथल्या मंडळ्या आणि यंग मिझो असोसिएशनची मुलं उभी राहिली. त्यांना त्यासाठी परिपत्रक लागलं नाही.

आणि त्यांना हे जमतं, कारण ते स्वतः यातून गेलेले आहेत. १९५९ साली बांबू फुलला, त्याचं बी खाऊन माजलेल्या उंदरांनी पिकं फस्त केली, दुष्काळ पडला. त्या रागातून लालडेंगा या नेत्याची मिझो नॅशनल फ्रंट ही संघटना वाढली आणि १९६६च्या मार्चमध्ये बंड उठलं. ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाने बॉम्ब टाकले. पुढच्या वर्षापासून पाचशेच्या वर गावं उठवून, घरं जाळून, माणसं रस्त्याकडेच्या पहाऱ्यातल्या वस्त्यांत आणून ठेवली. वीस वर्षांच्या त्या काळाला मिझो लोक ‘रामबुआइ’ म्हणतात. गाव गेलं, शेत गेलं, जुना गावगाडा मोडला. त्या वस्त्यांमध्ये लोकांना आपलं म्हणता येईल असं एक चर्च तेवढं उरलं. लष्कराला आणि भूमिगतांना, दोघांनाही संशय येईल अशा जागी उभं राहून प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्ट पाळकांनी निरोप नेले-आणले. हिंसा चुकीची आहे, हे त्यांनी आपल्याच मुलांना तोंडावर सांगितलं. लष्कराला सांगण्यापेक्षा ते अवघड असतं.

३० जून १९८६ला मिझो करार झाला. त्यावर केंद्रातर्फे सही करणारे गृहसचिव राम प्रधान, यशवंतराव चव्हाणांच्या हाताखाली तयार झालेले मराठी अधिकारी. त्या दिवशी ते निवृत्त होत होते. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि रात्री त्या करारावर सही. आपल्या मंत्रालयात त्या फाइलवरची धूळ कुणी झटकली तर बरं होईल. मिझोरममध्ये आजही ३० जून ‘रेमना नी’, म्हणजे शांतता दिन, म्हणून पाळतात. लालडेंगा मुख्यमंत्री झाले, १९८९ला निवडणूक हरले आणि पुन्हा जंगलात गेले नाहीत. राष्ट्र उभारणी म्हणजे काय असं मला वर्गात कुणी विचारलं असतं, तर मी हे उदाहरण दिलं असतं : बंडखोर निवडणूक हरतो आणि घरी जातो.

याच मिझोरममधून १९९७ला ब्रू या आदिवासी लोकांना जीव मुठीत धरून त्रिपुरात पळावं लागलं, हेही इथेच लिहायला हवं. तेवीस वर्षांनी, जानेवारी २०२०मध्ये, त्यांना त्रिपुरातच वसवण्याचा करार आपल्या मंत्रालयाने केला. म्हणजे जी मंडळी स्वतःच्या जखमेवर एवढं शहाणपण दाखवते, तिला शेजाऱ्याच्या जखमेवर ते दरवेळी सुचतंच असं नाही. मी ख्रिस्ती आहे म्हणून चर्चची वकिली करतोय असं कुणाला वाटू नये, यासाठी रवांडाचंही सांगतो. १९९४च्या एप्रिलमध्ये न्यांगे गावच्या चर्चमध्ये हत्याकांडातून जीव वाचवायला तुत्सी जमातीची सुमारे दीड हजार माणसं आसऱ्याला आली होती. ते चर्च त्यांच्यासकट बुलडोझरने पाडलं गेलं. यात तिथल्याच धर्मगुरूचा हात होता. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला जन्मठेप दिली. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ला चर्चच्या पापांबद्दल क्षमा मागितली, पण तोवर तेवीस वर्षं उलटली होती. हे मी आमच्या हॉलमध्ये एकदा बोललो, तेव्हा दोन-तीन जण माझ्याशी महिनाभर नीट बोलत नव्हते.

मणिपूरमध्ये नेमकी ही अडचण आहे. कुकी बहुतांशी ख्रिस्ती, मैतेई बहुतांशी हिंदू किंवा आपला जुना सनामही धर्म मानणारे. त्यामुळे चर्च तिथे पंच नाही, एका बाजूचं घर आहे. पण ते अर्धंच खरं. मैतेई ख्रिस्तीही आहेत. पहिल्या काही दिवसांत त्यांचीही चर्च पाडली गेली, आणि त्यांना ना इकडे जागा उरली ना तिकडे. बोलणी करायला कोण पाहिजे असं मला विचाराल, तर मी आधी या लोकांचं नाव घेईन. दोन्हीकडचा मार खाल्लेला माणूस चहाड्या कमी करतो.

याला आपल्याच देशात वाट सापडलेली आहे. १९६४ला वोखा इथे नागालँडच्या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या अधिवेशनात शांतता मंडळ नेमायचं ठरलं. माणसं कशी निवडली बघा : जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा आणि इंग्लंडचे पाद्री मायकेल स्कॉट. एक सर्वोदयी, एक काँग्रेसवाला, एक नागांच्या विश्वासातला परदेशी. बोलावलं चर्चने, पण तिघांपैकी दोघांचा चर्चशी संबंध नव्हता. ६ सप्टेंबर १९६४ला नागा बंडखोर आणि सरकार यांच्यात शस्त्रसंधी लागू झाली. पुढे दोनच वर्षांत स्कॉट यांना देशाबाहेर काढलं आणि ते मंडळ मोडलं. नागांचा प्रश्न अजून आपल्या टेबलावर आहे. तरीही आधीच्या दहा वर्षांत ज्या बायकांनी रात्री दिवा लावला नव्हता, त्यांनी तो लावला. माझ्या दृष्टीने हे काही थोडं नाही.

आता हत्यारांकडे येतो, कारण मणिपूरमध्ये आज सगळ्यात जड गोष्ट तीच आहे. पोलिसांच्या शस्त्रागारांतून हजारो हत्यारं लुटली गेली. फेब्रुवारी २०२५मध्ये राज्यपालांनी ती परत करायचं आवाहन केलं, मुदत दिली, मुदत वाढवली. हजारभर आली. बाकीच्यांतली बरीच अजून घराघरांत असतील. ती ठाण्यात नेऊन देताना माणूस कुणाला घाबरतो? पोलिसांना थोडं, गावातल्या पोरांना जास्त.

मोझांबिकमध्ये सोळा वर्षं यादवी युद्ध चाललं, सुमारे दहा लाख माणसं मेली. तिथला समेट रोममधल्या सांत एजिदिओ नावाच्या कॅथलिक समुदायाने घडवला. ही बहुतेक साधी, संसारी, धर्मगुरू नसलेली माणसं. सोबत बैरा शहराचे आर्चबिशप आणि इटलीच्या सरकारचा एक प्रतिनिधी. सव्वादोन वर्षं बोलणी चालली. ४ ऑक्टोबर १९९२ला सह्या झाल्या, नंतर तिथे आलेल्या शांतिसेनेत भारताचे जवानही होते. पण मला सह्यांपेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. १९९५ला अँग्लिकन बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने तिथल्या ख्रिस्ती परिषदेने एक योजना काढली. बंदूक आणून द्या, शिलाई मशीन घेऊन जा. सायकल न्या, कुदळ न्या, छपराचे पत्रे न्या. कुठून आणली, कुणाची होती, कुणी चालवली, काही विचारायचं नाही. एका गावाने सगळी हत्यारं एकत्र जमा करून ट्रॅक्टर घेतला. हत्यारं लगेच, लोकांसमोर, कापायची. कापलेल्या नळ्या-चाप जोडून कलाकारांनी खुर्च्या आणि झाडं बनवली. त्यातली एक खुर्ची ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आमच्या शास्त्रात यशयाचं वचन आहे, तलवारींचे फाळ करण्याचं. लहानपणापासून ऐकतोय, पण कुणी ते खरोखर लोहाराकडे नेलं असेल असं वाटलं नव्हतं. २०१३ला तिथे पुन्हा चकमकी झाल्याच. पण ज्या घरात मशीन आलं, त्या घरात कुणीतरी शिवणकाम शिकलं.

चुराचांदपूरला चर्चच्या आवारात, इंफाळला मैतेई वडीलधाऱ्यांच्या आणि मैरा पैबी, म्हणजे मशाली घेऊन गावाची राखण करणाऱ्या, बायकांच्या देखरेखीखाली, डोंगरातल्या नागा गावांत तिथल्या मंडळीत असं करता येणार नाही का? पोलीस फाटकाबाहेर. हत्यार आत जाईल, माणूस हातात पत्रे घेऊन बाहेर येईल. घर जळालेल्या माणसाला पत्र्याची गरज आहे हे मी आपल्याला सांगायला नको. यासाठी कायद्यात सवलत द्यावी लागेल. ती फक्त आपणच देऊ शकता.

दुसरं, १९६४सारखं मंडळ नेमा. कुकींच्या विश्वासातला एक, मैतेईंच्या विश्वासातला एक, नागांकडचा एक, आणि मैतेई ख्रिस्ती असा एक ज्याला कुणाच्याच विश्वासाची सोय नाही. त्यांच्याकडून आधी आपापल्या लोकांच्या चुकांची यादी मागा, समोरच्यांच्या नको. यात चर्चनेही सुटू नये. कुठल्या पाळकाने कुठल्या रविवारी काय भाषण केलं, तेही त्या यादीत यावं. गृहसचिव त्या बैठकीत असावेत, पण एक तास उशिरा यावेत.

पहिली बैठक मणिपुरात होणं अवघड आहे, दिल्लीत झाली तर दाराशी कॅमेरे लागतील. ती वाशीत घ्या. इथे दोन्हीकडची माणसं आधीच एका रांगेत बसतात. आमचा हॉल शनिवारी दिवसभर रिकामा असतो. मालकाशी मी बोलून ठेवलंय, भाडं घेणार नाही म्हणाला. प्लास्टिकच्या खुर्च्या साठ आहेत, दोन मोडक्या. महिला मंडळ चहा करेल, मिझो आजी भात करते म्हणाल्या. फक्त दोन दिवस आधी कळवा, म्हणजे मी सकाळी नऊपर्यंत हॉल उघडून ठेवीन. पत्नीची तपासणी गुरुवारी असते, शनिवारी मी मोकळा असतो.

आपला,
वाशीतला एक निवृत्त शिक्षक