एक फुल द्या

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू हसता हसता एकदम गप्प झालीस. "ह्यांची ही अवस्था आणि मी हसतेय, पाप लागेल गं," म्हणालीस. ते मनातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

बाबांनी सिलिंडरवाल्या पोराला दारात अडवलं, "सुट्टे काढा" म्हणाले. त्यानं खांद्यावरचं सिलिंडर खाली ठेवून दहाची नोट पुढे केली, "एक जयसिंगपूर." बाबांनी कॅलेंडरचा कपटा फाडून दिला, वर मागच्या बाजूला 'बाकी ८ आणे' लिहून सही केली! यावर हसू येणारच, आई. ३१ वर्षं एसटीत काढलीत त्यांनी. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले न चुकता येतं. विस्मरणाच्या या आजारात ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या बऱ्याच उशिरापर्यंत राहतात. "अहो, रिटायर होऊन वीस वर्षं झाली" म्हटलं की ते चिडतात, येरझाऱ्या घालतात. तू "दोन फुल" म्हणालीस की तेही हसतात ना? मग पाप कसलं?

आता जे बोलायचं टाळत होते ते. १ तारखेपासून सकाळी आठ ते रात्री आठ बाबांना सांभाळायला एक काका येतील. पैसे भरलेत. आधी विचारायला हवं होतं, पण तू "बघू" म्हणाली असतीस, आणि तुझं "बघू" दादाच्या लग्नापासून मला माहीत आहे. तू कमी पडतेस असं कुणीच म्हणत नाहीये. पण दिवाळीत रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा पाहिलं, पदराचं टोक बाबांच्या मनगटाला बांधून तू झोपली होतीस. तेव्हा बोलले नाही. असं किती दिवस चालणार?

घर तेच, खिडकीपाशीची खाट तीच. बाबांना कुठेही ठेवायचं नाहीये. चहा तुझ्याच हातचा, बशीतून. फक्त आंघोळ आणि फिरवणं काका बघतील. बाबांना सांग, गाडीवर नवीन ड्रायव्हर आलाय. काकांनाही सांगून ठेवलंय, ते तयार आहेत.

आणि ऐक. दिवेलागणीच्या आधीच सगळे दिवे लाव, अंधारल्यावर ते जास्त बावरतात. दाराला वरच्या बाजूला कडी बसवून घे. त्यांच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी हवीच. एका दिवसात अचानक जास्त गोंधळले तर आजार वाढला म्हणून बसू नकोस, लगेच डॉक्टरांना दाखव. कधी नुसता लघवीचा संसर्ग असतो. आणि तू दुपारी झोपत जा. गुडघ्याची गोळी जेवल्यावर, उपाशी पोटी नाही!

पुढचं बाबांना वाचून दाखव.

बाबा, सुट्टीत शेवटच्या फेरीला तुम्ही मला तुमच्या सीटवर बसवायचात, घंटीची दोरी हातात द्यायचात. दोन टोले मी द्यायचे, मगच गाडी सुटायची. शनिवारी संध्याकाळी येतेय. खिडकीची जागा धरून ठेवा. आता हाफ चालणार नाही, एक फुल द्या.

तुमची,
धाकटी