वाटाघाटीत फासा कधी टाकायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या उन्हात दुपारी मुलांना बाहेर पाठवायची सोय नाही. त्यामुळे सुट्टीत कॅरम-पत्त्यांच्या जोडीला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखे भूमिका-खेळही काही घरांत रंगतात. एक जण गेम मास्टर होऊन जग आणि त्यातली माणसे चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. मुलांना चारचौघांत बोलता यावे म्हणून पालक हे खेळ आणतात, पण नेमका बोलणीचाच प्रसंग बहुतेक टेबलांवर बिघडतो. एक तर जो मुलगा मुळातच बोलघेवडा तोच प्रत्येक सौदा जिंकतो, नाही तर “मी परसुएशन टाकतो” (म्हणजे मन वळवण्याच्या कौशल्याची चाचणी) म्हणत वीस बाजूंचा फासा भिरकावला जातो आणि किल्लेदार मुकाट किल्ल्या काढून देतो.

फाशाआधी समोरचा माणूस ठरलेला हवा. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून बैलाचा भाव ठरतो, तेव्हा मालकाच्या मनात ‘याच्या खाली नाही’ हा आकडा आधीच पक्का असतो. गेम मास्टरनेही प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात: त्याला काय हवे, कशाची धास्ती आहे, काय मुळीच देणार नाही, आणि किती वेळ ऐकून घेईल. समजा, रात्री भुईकोट किल्ल्याच्या दिंडी दरवाजाशी चौघे आले आहेत आणि देवडीवर हवालदार आहे. त्याचा मुलगा तापाने फणफणला आहे, सकाळी सुभेदार तपासणीला येणार आहे, शिपायांदेखत तो लाच घेणार नाही आणि त्याचा संयम 3. आता कोणी सगळ्यांसमोर मोहरांची थैली वाजवली तर फासा नकोच, संयम सरळ 2 वर. कोणी “आमच्यासोबत वैद्य आहे” म्हणाले तर वर्मावरच बोट पडले. इथे काठिण्य, म्हणजे फासा आणि पात्राच्या कौशल्याचा बोनस मिळून गाठायचा आकडा, 20 वरून 15 वर आणावे, आणि वैद्य खरोखर सोबत असेल तर दरवाजा फाशाविनाच उघडावा. संयम 0 झाला की बोलणी संपली, मग कितीही गोड बोला.

चिठ्ठीतले खेळाडूंना कळायचे कसे, हा पुढचा प्रश्न. इनसाइटची, म्हणजे समोरच्याचे मन ओळखण्याची, चाचणी त्यासाठीच आहे. जमली तर चिठ्ठीतली एक ओळ सांगावी, एकच, आणि तीही वागण्यातून: “तो सारखा घराच्या दिशेने बघतोय.” नुसते ‘तो खोटे बोलतोय’ सांगून टाकले की पुढे बोलायला काही उरत नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा गणिताचा. काठिण्य 15 आणि बोनस 2 असेल तर फाशावर 13 किंवा जास्त लागतात, म्हणजे शक्यता 40 टक्के. पण पहिल्याचे फसले की दुसरा, मग तिसरा, मग चौथा असे चौघांनी टाकले तर निदान एकाचे जमण्याची शक्यता 87 टक्क्यांवर जाते, आणि हवालदार आपोआप मूर्ख ठरतो. म्हणून एका मागणीला एकच फासा. सोबत्याने मुद्दा पुरवला तर बोलणाऱ्याला दोन फासे टाकून मोठा धरू द्यावा. तेव्हा शक्यता 64 टक्के होते, ती रास्त आहे. अपयश आले तर नवी ऑफर मांडल्याशिवाय पुन्हा फासा नाही. शिवाय अपयश म्हणजे दर वेळी बंद दार नव्हे. थोडक्यात हुकले तर “हो, पण शस्त्रे इथे ठेवा” असे भाव वाढवून द्यावे. खेळ तिथेच रंगतो.

वीस पडले म्हणजे राजा सिंहासन सोडतो, हाही एक गोड गैरसमज. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या आवृत्तीत 20 पडल्यावर हमखास यश हल्ल्याला आहे, कौशल्याच्या चाचणीला नाही. तिथल्या तक्त्यानुसार वैरभाव धरणाऱ्या माणसाच्या बाबतीत 20 गाठले तरी तो फार तर बिनजोखमीचे काम करतो. स्नेही माणूस मात्र तेवढ्याच आकड्याला मोठी झळ सोसायला तयार होतो. गडबडीत अनोळखी टोळी समोर आली आणि चिठ्ठी तयार नसेल, तर याच खेळाच्या 1981 च्या ‘बेसिक’ नियमांतली जुनी युक्ती कामाची: सहा बाजूंचे दोन फासे टाका. 2 आले तर हल्ला, 12 आले तर दोस्ती, 6 ते 8 आले तर समोरचे गोंधळलेले. हा मधला निकाल 36 पैकी 16 वेळा येतो, म्हणजे बोलायला जागा राहते.

लाजऱ्या मुलाचे काय? त्याला फक्त विचारावे, “तू काय देतोस आणि बदल्यात काय मागतोस?” एवढे सांगितले की फासा त्याचा. छान संवाद म्हटल्याबद्दल दुसऱ्याला फुकटचे 2 गुण देऊ नयेत; मुद्द्यासाठी द्यावेत, अभिनयासाठी नव्हे. (नाट्यस्पर्धेला वेगळे परीक्षक असतात.) धमकीचा हिशेबही तिथल्या तिथे मिटवू नये. घाबरवून उघडलेल्या दरवाजाची खबर सकाळी सुभेदाराला लागलीच पाहिजे.

आणि खेळाडूंच्या पात्रांमध्ये आपसात मतभेद झाले तर तिथे परसुएशनचा फासा नकोच. माझ्या पात्राला काय पटले हे दुसऱ्याच्या फाशाने ठरू लागले की ते मूल पुढच्या रविवारी येत नाही.

आपला,
एक वाचक, सोलापूर