कॅम्पस रेडिओसाठी मुले जमवताना: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. महाविद्यालयाला सामुदायिक रेडिओचा, म्हणजे आसपासच्या लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या एफएम केंद्राचा, परवाना मिळाला, मनोरा उभा राहिला, स्टुडिओच्या भिंतींना आवरणही बसले, आणि आता विद्यार्थीच तिकडे फिरकत नाहीत, हे वाचून मला फारसे आश्चर्य वाटले नाही. परवाना, यंत्रे आणि निधी यांच्या मागे धावताना बोलणार कोण, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी शेवटीच आठवतो.

'इच्छुक विद्यार्थ्यांनी कार्यालयात नावे नोंदवावीत' अशी सूचना तू फलकावर लावलीस, असे लिहितोस. अशा सूचनेला येणारी मुले ठरलेली असतात. वक्तृत्वाची ढाल आणणारी, गॅदरिंगचे सूत्रसंचालन करणारी आणि एनएसएसच्या शिबिरात पुढे असणारी मुले तीच असतात. त्यांचे स्वागत अवश्य कर, पण त्यांच्या डोक्यावर आधीच चार समित्यांचा भार असतो आणि सत्र परीक्षा जवळ आली की ती सगळ्याच समित्यांतून एकदम दिसेनाशी होतात. श्रेयांकांचे (क्रेडिटचे) आमिषही मला पुरेसे वाटत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत आणि ते मिळत असतील तर मुलांना जरूर मिळवून दे; मात्र केवळ तेवढ्यासाठी आलेला मुलगा हजेरीपटावर सही करतो आणि मोबाइल पाहत बसतो.

माझे मत असे आहे की, 'रेडिओत या' असे कोणालाही सांगू नये. आठवड्यात संपेल असे एक नेमके काम सांगावे, आणि ते त्याच आठवड्यात करणाऱ्याच्या नावानिशी प्रसारित करावे. गेल्या पावसाळ्यात आमच्या कॅम्पस रेडिओसाठी वनस्पतिशास्त्राच्या एका मुलीला मी आठवडी बाजारात पाठवले. रानभाज्या विकणाऱ्या बाईंना कर्टुली कशी निवडायची आणि टाकळा कसा करायचा, हे विचारून मोबाइलवर टिपून आण, इतकेच सांगितले होते. तिने आणलेल्या ध्वनिमुद्रणात मागे कोथिंबीरवाल्याची आरोळी होती, मोटारसायकलचा हॉर्न होता, आणि मध्येच त्या बाई 'घ्यायची हाय का नुसतंच इचारायचं?' असे दटावत होत्या. मुलगी ओशाळून ते वाक्य कापायला निघाली होती. मी ते ठेवायला लावले. ऑडॅसिटी ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली वापरून बाकीची काटछाट तिने स्वतः केली, आणि शुक्रवारी ते प्रसारित झाले. पुढच्या बैठकीला ती आपल्या बाकावरच्या मैत्रिणींना घेऊन आली. आधी तीन दिवसांची कार्यशाळा, प्रमुख पाहुणे आणि प्रमाणपत्रे असा घाट घातला असता, तर तिला ध्वनिमुद्रणाची व्याख्या पाठ झाली असती आणि बाजार तसाच राहिला असता.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ती तुझ्यासारख्या तालुक्याच्या गावी फार महत्त्वाची आहे. तुझी बैठक तास संपल्यावर संध्याकाळी असते. पासवर ये-जा करणाऱ्या मुलांची शेवटची सोयीची एसटी त्याच सुमारास सुटते, आणि ती चुकली तर मुलीला घरी काय ऐकावे लागते, हे मी तुला सांगायला नको. म्हणजे वेळ ठरवतानाच आपण वाड्यावस्त्यांवरची मुले वगळतो आणि मग 'ग्रामीण मुलांना उत्साहच नाही' असा शेरा मारतो. बैठक मधल्या सुटीत घे, आणि ध्वनिमुद्रण त्यांना त्यांच्या गावातच करू दे. शांत खोली मिळत नसेल, तर डोक्यावरून गोधडी घेऊन बोलल्यावर आवाज न घुमता चांगला येतो. आमच्याकडची मुले खुशाल तसे करतात.

बातम्या देता येत नाहीत म्हणून मुले हिरमुसतात, असेही तू लिहिलेस. आकाशवाणीचे वार्तापत्र जसेच्या तसे लावता येते. स्वतः तयार केलेल्या बातम्या मात्र सामुदायिक रेडिओला वर्ज्य आहेत. हा नियम मला पटत नाही, पण त्यात मोकळी जागा किती आहे, तेही पाहा. परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, हवामान, वाहतूक, वीज आणि पाणीपुरवठ्याच्या सूचना हे सारे चालते. शिवाय निम्मा कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार झालेला असावा, अशी अपेक्षाच आहे. परीक्षेचा अर्ज भरण्याची अखेरची तारीख, शिष्यवृत्तीला लागणारे दाखले आणि उद्या कोणत्या भागात पाणी येणार नाही, हे रोज सकाळी सांगणारी वाहिनी लोक ऐकतात. प्रसारित झालेले सर्व कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात. ते काम एका नीटनेटक्या मुलाकडे सोपव, कारण अशी मुले माइकपुढे येत नाहीत आणि त्यांनाही रेडिओत जागा हवी असते.

श्रोत्यांबाबत थोडे स्पष्ट लिहितो. शैक्षणिक संस्थांना असे रेडिओ चालवू देण्याचे धोरण 2002 मध्ये आले, आणि 1 फेब्रुवारी 2004 रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे 'अण्णा एफएम' सुरू झाले. तिथे आसपासच्या वस्त्यांतील स्त्रियांना कार्यक्रम करायला शिकवले गेले. आपल्याकडे पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' 2005 पासून 107.4 मेगाहर्ट्झवर आहे. आपल्यासारख्यांच्या प्रक्षेपकाची ताकद पाच-दहा किलोमीटरपुरती असते, आणि मोबाइलवर एफएम ऐकायला वायरचा इअरफोन लागतो, जो आता मुलांच्या खिशात क्वचितच सापडतो. तेव्हा आपलेच विद्यार्थी आपला रेडिओ ऐकतील, या भरवशावर राहू नकोस. शिंप्याच्या दुकानात, सलूनमध्ये आणि मेसच्या स्वयंपाकघरात रेडिओ अजून चालू असतो. मुलाचा आवाज तिथे पोहोचला, की दाढी करता करता कोणीतरी त्याला 'काल तूच बोलत होतास ना?' असे विचारतो, आणि मग त्याला बैठकीचे बोलावणे धाडावे लागत नाही. विद्यार्थ्यांसाठी त्याच कार्यक्रमाचा दोन मिनिटांचा तुकडा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा. इन्स्टाग्रामवरची पोस्टर बनवण्यात रात्र घालवू नये.

जमल्यास सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला जाऊन ये. तुला ते फार दूर नाही. तिथले 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र महाविद्यालयाचे नाही, तरी गावातल्या बायका माइकपुढे किती निःसंकोच बोलतात, ते तुझ्या मुलांनी पाहावे. जाताना प्राध्यापक कमी आणि प्रथम वर्षाची मुले जास्त ने, कारण तिसऱ्या वर्षाची मुले शिकेपर्यंत निरोप समारंभाची वेळ येते.

तुझ्या महाविद्यालयाचे वेळापत्रक आणि आगारातून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा मला पाठव. दोन्ही शेजारी ठेवून बैठकीचा दिवस आणि वेळ सुचवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेही