तेलाचा डबा या वेळी येणार नाही

गोत्री, बडोदे
शुक्रवार, रात्र

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रिक्षाने वीस मिनिटांवर राहणाऱ्या मुलाने पत्र लिहावं, याचं बाबांना हसू येईल. येऊ दे. फोनवर आई दोनदा "बरं, बरं" म्हणते आणि फोन बाबांच्या हातात देते. मग बाबा, तुम्ही "काही नाही रे, ठीक आहे ती" म्हणून पावसापाण्यावर येता. समोर आलो की ताट वाढलेलं असतं, आणि वाढलेल्या ताटावर हा विषय काढायची माझी हिंमत नाही. उद्या मृणाल ओवीला क्लासला सोडायला दांडिया बाजारावरून जाईल, तेव्हा हे देऊन जाईल.

आधी जे करून बसलोय ते सांगतो. दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडे सिंगतेलाचा पंधरा किलोचा डबा येतो, तो मी यंदा नको म्हणून सांगून आलो. त्याच्याऐवजी सोमवारी पाच लिटरचा कॅन घरी येईल. पैसे दिलेत, त्या माणसाला पुन्हा देऊ नका. आई, लगेच कपाळावर हात मारू नकोस. फराळाचं तेल वेगळं आणू. चकल्या बंद करायला मी काही एवढा निर्दय झालेलो नाही. हा कॅन फक्त रोजच्या फोडणी-भाजीचा.

बाबा, तुम्हाला हिशेब लागतो म्हणून हिशेब देतो. माणशी दिवसाला चार-पाच चमचे तेल पुष्कळ झालं, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या आत. दोघांचं पन्नास धरा. पंधरा किलोचा डबा या मापाने दहा महिने जायला हवा. आपला किती जातो ते तुमच्या वहीत लिहिलेलं आहे, मी बोलत नाही. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या आसपास, तीन महिने. आधी संपलं तर रात्री अकराला फोन करा, मी घेऊन येईन, काही विचारणार नाही. (एखाद वेळी विचारीन.)

आता आई, तुझ्याशी.

गेल्या रविवारी मी बासुंदीची वाटी अर्धी ठेवली. तू मला काही बोलली नाहीस, पण ओट्यापाशी मृणालला विचारलंस, "याला काही झालंय का? तुम्ही आमच्यापासून लपवताय का?" रात्री तिने सांगितलं तेव्हापासून मला चैन नाही. गाल बसलेत, कॉलर ढिली झालीय, हे तू बघतेस; आणि नानाकाकांच्या वेळेचं तुझ्या डोक्यातून गेलेलं नाही, हे मला कळतं. ते माझ्याही डोक्यातून गेलेलं नाही. तो जिना आठवला की अजून पोटात गोळा येतो.

तर स्पष्ट लिहितो. मला काहीही झालेलं नाही. काही न करता वजन उतरलं असतं तर तुझी भीती बरोबर होती, मीच आधी डॉक्टरकडे पळालो असतो. हे मी मुद्दाम उतरवलंय. एक्याऐंशीचे सत्त्याहत्तर झालेत, चार किलो, वर काही नाही. थायरॉइड, रक्त, लघवी सगळं तपासलंय, कागद रविवारी घेऊन येतो. त्यातलं एकच जरा वर होतं, ती तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी. 5.7 च्या खाली असली तर ठीक, 6.5 ला मधुमेह, आणि मधे माझ्यासारखे काठावर बसलेले. माझी 6.1 होती, आता 5.8 आहे. आजीच्या पायाचं आपण सगळ्यांनी पाहिलंय. मला त्या रांगेत उभं राहायचं नाही.

आणि यात मृणालचा काडीचाही हात नाही. ती करून घालत नाही असं तू म्हटलेलं नाहीस, म्हणणारही नाहीस, तरी लिहून ठेवतो. उलट दुप्पट भाजी चिरावी लागते म्हणून तीच वैतागली होती. आता मी चिरतो. हो, मी. गवारसुद्धा.

उपाशी राहतो असंही समजू नकोस. सकाळी मुगाचे डोसे नाहीतर दोन अंडी (बाबा, अंड्यांचं इथे वाचलंत, बाहेर वाचू नका), दुपारी डब्यात दोन पोळ्या, दाट वरण नाहीतर उसळ, भाजी भरपूर, ताक. संध्याकाळचा गाठियाचा पुडा ऑफिसात बंद केला, तिथे आता चणे नाहीतर एखादं फळ. रात्री आठाच्या आत जेवतो आणि ओवीला घेऊन सोसायटीत फेऱ्या मारतो. तिला ते एवढं आवडलंय की पाऊस असला तरी चपला घालून दारात उभी. चहात साखर अर्धा चमचा. ती सुटत नाही, सोडणारही नाही, थोडं तरी सुख असू दे.

तुला खरं काय लागलंय ते मला माहीत आहे. टायफॉइडनंतर मी असा झालो होतो की शर्ट खांद्यावरून घसरायचा. तू मला दर महिन्याला गेंडीगेटच्या वाण्याकडे न्यायचीस आणि पोत्यांच्या काट्यावर उभं करायचीस. तो म्हणायचा, "बेन, आमां तो कंई नथी," म्हणजे याच्यात तर काहीच नाही. तू घरी येईपर्यंत बोलायची नाहीस आणि रात्री माझ्या भातावर तुपाचा आणखी एक चमचा पडायचा. स्वतःच्या ताटातला होता, हे मला फार उशिरा कळलं. माझं वजन तू असं एकेक पाव करून मिळवलेलं आहेस. त्यामुळे मी चार किलो घालवून आलो की तुला आपलं काही काढून घेतल्यासारखं वाटणार, ते मला समजतं. पण आई, त्या वेळी वजन वाढणं ही तब्येत होती. आता हे वाढलं ते सगळं पोटावर वाढलं, आणि पोटावरचंच वाईट. आपल्याकडच्या पुरुषाला कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांना 80 च्या. माझी चांगलीच बाहेर होती. तू घातलेल्यातलं उरलेलं सगळं शाबूत आहे, दंड धरून बघ रविवारी.

बाबांना वाटेल चार किलोंनी काय होतं. मलाही वाटलं होतं. पण अमेरिकेत 2002 साली एक मोठा अभ्यास छापून आला, तीन हजारांवर माणसं, सगळी काठावरची. त्यांना वजनाचे साधारण सात टक्के उतरवायला आणि आठवड्याला 150 मिनिटं चालायला सांगितलं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. नुसत्या गोळीवर ठेवलेल्यांत 31 टक्क्यांनी. साठीच्या पुढच्यांत तर चालण्या-खाण्याने 71 टक्के. "अमेरिकेचं आपल्याला काय" असं तुम्ही म्हणणार, म्हणून चेन्नईचं पण सांगतो. 2006 मध्ये 531 माणसांवर केलेलं काम आहे. तिथे आकडा लहान, 28.5 टक्के, पण गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलंही नव्हतं. खाणं आणि चालणं बदललं, तेवढ्यानेच. म्हणजे काटा हलला नाही म्हणून कोणी चिडायचं कारण नाही. हे मी तुम्हाला उद्देशून लिहितोय, बाबा.

तुमची साखर काठ ओलांडून गेलीय, ते खरं. तरी डॉक्टरांनी तुम्हाला तीन किलो सांगितलेत आणि तुम्ही त्यांना "प्रयत्न करतो" सांगून समोरच्या दुकानातून लिलो चिवडा घेऊन आलात. मला कोणी सांगितलं ते सांगणार नाही. आई, तुझे गुडघे. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे गुडघ्यावरचा भार पावलागणिक चार किलोंनी हलका होतो. तू तीन किलो उतरवलेस तर पावलाला बारा. दुसऱ्या मजल्यावरून दिवसातून किती वेळा खाली-वर करतेस, तूच बघ. त्या मलमावर किती पैसे घातले ते मी काढत नाही.

आता थोडी दादागिरी. ऐकून घ्या.

बाबा, स्वतःच्या मनाने जेवण तोडायचं नाही. तुमच्या वयात नुसतं कमी खाल्लं की चरबीबरोबर मांसही झडतं आणि माणूस जिन्यात लटपटतो. वरण दाट, दही रोज, पनीर चालेल. दिवसातून दोनदा हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. हसू नका, तुम्ही जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांब केलेला माणूस, माणिकरावांच्या आखाड्याचं नाव सांगता आणि खुर्चीतून उठताना "हुं" करता. साखरेची गोळी घेतली की नाश्ता चुकवायचा नाही. फिरायला निघताना खिशात खडीसाखर हवीच. हातपाय थरथरले, घाम फुटला, तर तिथेच बसून तोंडात टाका, मला नंतर फोन करा. वजन उतरायला लागलं की गोळ्यांचा डोस बदलावा लागतो, रक्तदाबाचाही. तो डॉक्टर बदलतील, तुम्ही नाही, आणि शेजारचे काका तर नाहीच नाही. चप्पल नको, बूट. रात्री पाय बघायचे, आईला दिसत नसेल तर ओवीला बोलवा, तिचे डोळे चांगले आहेत.

आई, उपवास सोड म्हणायची माझी टाप नाही. पण चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी दोन वेळा आणि मधे बटाट्याच्या पापड्या, हा उपवास गणपतीलाही पटत नसेल. एक वेळ राजगिरा, दही, मूठभर शेंगदाणे करून बघ. आणि आम्ही आलो की तूही आमच्याबरोबर ताटावर बस, उरलंसुरलं संपवायला मागाहून नाही. दोन घास वाया गेले तर जाऊ देत. हे तुला सांगायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

रविवारचं दुपारचं जेवण तुमच्याकडेच, ते बदललेलं नाही आणि बदलणार नाही. फक्त सकाळी येताना फाफडा-जिलेबीचा पुडा हातात नसेल. मी सातला येतो, बाबांना घेऊन कमाटीबागेत जाऊ. 1879 पासून लोक तिथे फिरतायत, तुम्हीच मधे सोडलंत. स्कूटरवर नेईन, बागेतला रस्ता सपाट आहे, पहिल्या आठवड्यात नुसतं बँडस्टँडपर्यंत जाऊन बाकावर बसलो तरी माझी हरकत नाही. बोलता येईल इतपतच चालायचं, धाप लागली की थांबायचं. विश्वामित्रीतली मगर दिसली तर ओवीला फोटो काढून पाठवू. आई, गुडघा बरा असेल त्या दिवशी तूही चल. एरवी पलंगावर बसून पाय सरळ उचलायचा व्यायाम मृणाल दाखवेल, तिला फिजिओथेरपिस्टने शिकवलाय.

वर्षभरात दोघांचे मिळून पाच-सहा किलो, याहून जास्त मला नकोच आहेत. पटापट उतरायला लागलं, भूक गेली, किंवा काही न करता कपडे सैल झाले, तर लपवायचं नाही. त्याच दिवशी सांगायचं. मी तुमच्यापासून काही लपवलेलं नाही, तुम्हीही लपवू नका.

बाकी सगळं ठीक. ओवीचा दात हलतोय.

तुमचा,
बंड्या

ता. क. : आई, या रविवारी मुगाचे डोसे कर ना. मृणालला तुझ्याकडून शिकायचेत, तिचे तव्याला चिकटतात. आणि बासुंदी उरली असेल तर ठेव, अर्धी वाटी मी खाणार आहे. पीठ जास्त भिजव.