श्रीहरिकोटा ‘निर्जन’ कधी होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला उपग्रह प्रक्षेपणावरचा लेख आवडला. फक्त पहिल्याच ओळीत ‘श्रीहरिकोटा या निर्जन बेटावर’ असे छापले आहे, तिथे मी अडखळलो. बत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, खोड जात नाही. म्हणून हे पत्र.

बेट म्हटले की आपल्यासमोर जंजिऱ्यासारखा पाण्यातून वर आलेला खडक उभा राहतो. श्रीहरिकोट्याचे तसे नाही. लाटांनी वाळू आणून टाकायची, वाऱ्याने तिच्या टेकड्या रचायच्या, असे हजारो वर्षे चालत किनाऱ्याला समांतर एक लांबट पट्टा तयार झाला. पुस्तकात ‘वाळूचा दांडा’ आणि त्याच्याआड अडकलेले ‘खाजण’ असते ना, तेच, मोठ्या मापाचे. पूर्वेला बंगालचा उपसागर, पश्चिमेला पुलिकत सरोवर. मचूळ पाण्याच्या सरोवरांत चिलिकाखालोखाल याचाच नंबर. समुद्र खवळला की पहिला मार या दांड्याने खायचा. नोव्हेंबर 1984 मधले मोठे चक्रीवादळ इथेच येऊन धडकले होते.

अशा वाळूत माणूस राहतो कसा, हे मला तिकडे गेल्यावर कळले. सोलापूरच्या पूर्व भागात माझा एक मित्र आहे. विणकर पद्मशाली समाजातला, घरात तेलुगू, उभा जन्म यंत्रमागावर गेला. त्याच्याबरोबर चेन्नईची गाडी पकडली. श्रीहरिकोट्यात कुणालाही असेच सोडत नाहीत, म्हणून पुलिकत गावच्या पुलावरून आम्ही दक्षिणेकडच्या, तशाच दुसऱ्या दांड्यावर गेलो. तिथे कोळ्यांच्या वाड्या आहेत. एका म्हातारीकडे पाणी मागितले. मित्राच्या मराठी मिसळलेल्या सोलापुरी तेलुगूला ती आधी पोटभर हसली. मग घरात न जाता घरामागे गेली, उकिडवी बसली आणि करवंटीने वाळू उकरू लागली. हातभर खड्डा झाला तशी तळाला ओल आली, हळूहळू पाणी साचले. पहिले गढूळ पाणी तिने फेकले, दुसरे निवळू दिले आणि करवंटी पुढे केली. गोड पाणी! आणि समुद्र हाकेच्या अंतरावर गाजत होता. आपल्याकडे उन्हाळ्यात सीनेच्या पात्रात झिरे उकरतात, तसेच ते. मित्राने विचारले, अजून खोल गेलो तर? म्हातारी एवढेच म्हणाली, ‘उप्पु.’ मीठ. हा शब्द तेलुगूतही तोच आणि तमिळमध्येही तोच.

पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके म्हणून त्याच्या वर, दुधावर साय धरावी तसे थांबते. हाव धरून खोल खणले की खारे पाणी वर येते. बोअर मारायची सवय लागलेल्या आपल्या जिल्ह्याला हे पटायला जरा जड जाईल.

श्रीहरिकोट्याच्या जंगलात यानादी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. मासे, खेकडे, मध, कंद, औषधी मुळ्या यांवर त्यांचा निर्वाह. त्यांच्या नावाचा संबंध काही जण ‘अनादी’शी लावतात. 1835 मध्ये बेट इंग्रज सरकारकडे गेले, ते जंगलासाठी. मद्रासच्या चुलींना इथले सरपण लागे आणि ते किनाऱ्यालगतच्या बकिंगहॅम कालव्यातून होड्यांनी जाई. पुढे सुरूच्या झाडांची आणि निलगिरीची लागवडही त्यासाठीच झाली. यानादी जंगलातून जे गोळा करून देत, त्यात एक मूळ होते. तेलुगूत त्याला ‘चिरिवेरु’ म्हणतात. त्यापासून सुती कापडाला पक्का तांबडा रंग बसे. पुलिकतला डचांचा किल्ला 1613 मध्ये उभा राहिला, तोही या किनाऱ्यावरच्या कापडाच्या व्यापारापायी. 1868 मध्ये जर्मनीत कृत्रिम अलिझरीन, म्हणजे तसाच तांबडा रंग, तयार झाले आणि असल्या मुळांचे दिवस भरले. चादरीच्या तांबड्या काठाकडे पाहत आयुष्य काढलेला माझा मित्र हे ऐकून बराच वेळ बोललाच नाही.

प्रक्षेपणासाठी जागा ठरली 1969 मध्ये. ती हेरण्यात एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता, हे आपल्या लेखात यायला हवे होते. पूर्वेकडे उडवलेल्या रॉकेटला पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळतो, जळालेले टप्पे समुद्रात पडतात आणि वस्ती विरळ. 9 ऑक्टोबर 1971 रोजी पहिले छोटे रोहिणी रॉकेट उडाले. त्याआधी यानादींना जागा सोडावी लागली. काहींना पुढे प्रक्षेपण केंद्रातच अंगमेहनतीची कामे मिळाली. विरळ वस्ती होती म्हणून जागा निवडली आणि पन्नास वर्षांत त्या ‘विरळ’चे ‘निर्जन’ झाले.

प्रक्षेपण केंद्राला माझा विरोध आहे असे कृपया समजू नये. 14 जुलै 2023 च्या दुपारी चांद्रयान सुटले तेव्हा मीही टीव्हीपुढे हात जोडून बसलो होतो. पण माझे आजोळ उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. सोलापुरात नळाला येते तेही उजनीचेच पाणी, आणि आई ते निमूट भरायची. पुलिकतला येतात तसे रोहित पक्षी उजनीच्या फुगवट्यावरही येतात. ते पाहून आलेला एक पाहुणा घरी म्हणाला, “काय मोकळी जागा आहे हो!” आई उठून चहा टाकायला गेली. त्या दिवशी चहात साखर पडली नव्हती, हे पाहुण्याच्याही लक्षात आले.

जाता जाता एक चूक दाखवतो. लेखासोबतच्या नकाशात सुल्लुरपेटहून बेटाकडे जाणारा रस्ता सरळ जमिनीवरून काढला आहे. तो सरोवरातून, भराव घालून गेला आहे. दुरुस्ती छापणार असाल, तर त्याच चौकटीत ‘निर्जन’ऐवजी ‘विरळ वस्तीचे’ हेही बसेल. कात्रण मित्राला द्यायचे आहे. तो पेपर मराठीत वाचतो आणि बायकोला तेलुगूत सांगतो.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सोलापूर