रविवारी फोटोओळींचा कट्टा

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५:३० वाजता ठाण्यात मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर जमायचं आहे.

फोटो ग्रुपवर टाकलाय: ऑक्टोबर १९६३, व्हाइट हाउस. राष्ट्राध्यक्ष केनेडी टेबलाशी कामात, आणि टेबलाच्या खालच्या दारातून त्यांचा छोटा मुलगा जॉन डोकावतोय. स्टॅनली ट्रेटिक यांनी टिपलेला. नीट बघा, अर्धा विनोद तिथेच आहे.

– या फोटोखाली शोभतील अशा जास्तीत जास्त तीन विनोदी ओळी, प्रत्येकी दहा शब्दांत. शनिवारी रात्रीपर्यंत मला वैयक्तिक पाठवा. ग्रुपवर आधीच फुटल्या की मजा जाते.
– पुढच्याच महिन्यात केनेडींची हत्या झाली. त्यावर विनोद नको.
– आपल्याकडची घराणेशाही चालेल, पण पक्ष आणि नावं नकोत. नाहीतर चहा गार होईस्तोवर भांडण!
– ढापलेले फॉरवर्ड बाद.

ओळी नावाशिवाय वाचल्या जातील. चहाचे पैसे सुटे आणा.